गुडघ्याला स्लॉथ

निफाडचा पारा घसरला की नाशकात आम्हाला थंडी वाजते. खरं म्हणजे निफाड आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटर लांब. तिथला पारा मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, म्हणजे ती थंडी मुळात गव्हाची. गहू तिच्यावर पोसतो, द्राक्षांचे मणी तिच्यामुळे तडकतात आणि बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. यात आमचा संबंध कुठेच येत नाही. तरी सकाळी पेपरात 'निफाड सहा अंशांवर' असं वाचलं की घरातला प्रत्येक जण आणखी एक स्वेटर चढवतो. पेपर उशिरा आला तर त्या दिवशी थंडीही साडेआठनंतरच वाजते.

गेल्या डिसेंबरात असाच पारा उतरलेला असताना माझी पुतणी अनुजा लीड्सहून आली. परदेशातून आलेल्या बॅगेतून काय निघणार हे आम्हाला आता पाठ आहे. चॉकलेटं, बदाम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि कुणाच्याच मापाचा नसलेला टी-शर्ट. या वेळी मात्र त्यातून हातभर लांबीचं, तपकिरी केसांचं, लोंबत्या हातांचं एक जनावर निघालं. अनुजाने ते आईच्या मांडीवर ठेवलं. आईने चष्मा लावला.

"अस्वल का गं?"

"नाही आजी."

"मग वानर असेल," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"नाही काकू. स्लॉथ."

स्लॉथला मराठीत काय म्हणतात, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात मराठी पुस्तकं मी वाचतो. मी म्हटलं, हा प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. जन्मभर झाडाला उलटा लटकून राहतो, आठवड्यातून एकदा खाली उतरतो, तोही शौचाला. आपल्याकडे हा प्राणीच नाही, तर शब्द कुठून असणार? "आपल्याकडे नाही कसा," असं म्हणत आईने माझ्या मुलाच्या, चिन्मयच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

जनावराच्या पोटात गहू होते आणि लॅव्हेंडरची वाळलेली फुलं. मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट ठेवायचं, मग ते चांगला अर्धा-पाऊण तास ऊब देतं, असं अनुजाने सांगितलं.

"आणि मग त्याचं करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही काका. मिठी मारून बसायचं."

यावर कुणी काहीच बोललं नाही.

आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही. आम्ही पाया पडतो. वाकलेल्याच्या पाठीवर वरून एक हात टेकतो, तेवढीच काय ती ऊब. आणि तीही दिवाळीला, निकालाच्या दिवशी आणि परगावी निघताना. अनुजा पहिल्यांदा लीड्सला निघाली तेव्हा विमानतळावर माझ्या थोरल्या भावाने तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला होता. पण मध्ये तिची सॅक, त्याची शाल आणि वाटेत खायचा दशम्यांचा डबा असल्यामुळे शेवटी नुसता खांद्याला खांदा लागला. अशा घरातल्या ८४ वर्षांच्या माळकरी बाईने अमेरिकेतल्या जनावराला कवटाळून बसायचं, ही कल्पना अनुजाला लीड्समध्ये बसून सुचली, यात तिचा दोष नाही. तिकडची हवाच तशी.

आईने वेगळाच मुद्दा काढला. तिने जनावराचं पोट दोन बोटांत धरून कापडावरूनच एक दाणा चाचपला आणि विचारलं, "गहू कुठला? लोकवन का शरबती?"

सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं 'गहू' लिहिलं होतं.

"दाणा बारीक आहे. पोळी धड होणार नाही याची." मग तिने वास घेतला. "आणि साबणाचा वास येतोय. याला किडे लागले तर?"

"नाही लागत आजी. सारखं गरम करतो ना आपण."

"एरंडेल चोळून भरलेत का विचार."

तिकडे या प्रकाराला कुणी हसत नाही, असं अनुजा सांगत होती. लहान मुलांना हिवाळ्यात अंथरुणात जाताना तापवलेला ससा किंवा मेंढी देतात. २०२२ साली ब्रिटनमध्ये गॅसचे आणि विजेचे दर असे भडकले की अख्खं घर तापवण्यापेक्षा घरातला माणूस तापवा, असा सल्ला लोक एकमेकांना देऊ लागले. तेव्हापासून मोठी माणसंही उघडपणे हे प्राणी घेऊन बसतात. तिचा साहेब घरून मीटिंग घेतो तेव्हा टेबलाखाली त्याच्या मांडीवर गरम पेंग्विन असतो. मी बँकेत ३१ वर्षं काढली. आमच्या एकेका साहेबाच्या मांडीवर मी मनातल्या मनात पेंग्विन ठेवून पाहिला. दोन-तीन साहेब सुधारले असते असं वाटतं.

आमच्या मायक्रोवेव्हविषयी थोडं सांगायला हवं. पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन माणूस १९४५ साली रडारच्या यंत्राजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, त्यातून हा शोध लागला. १९४७ साली बाजारात आलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच होता आणि त्याचं वजन तीनशे किलोंच्या वर होतं. महायुद्धातून निघालेलं हे यंत्र आमच्या स्वयंपाकघरात खारी आणि टोस्टला मुंग्या लागू नयेत म्हणून वापरतात. त्याच्या डोक्यावर औषधांचा डबा, विजेची बिलं आणि एक प्लास्टरचा गणपती असतो. आत फार तर आईचं रात्रीचं दूध तापतं. त्यामुळे आईने ठाम विरोध केला. जिथे दूध तापतं तिथे जनावर शिरणार नाही.

"आई, खरं नाहीये ते. कापूस आणि गहू आहेत नुसते," सुनंदा म्हणाली.

"डोळे आहेत त्याला," आई म्हणाली.

शेवटी स्लॉथची ताटली वेगळी ठेवायची आणि दूध त्याच्या आधी तापवायचं, यावर तडजोड झाली.

पहिल्यांदा तापवलं तेव्हा आम्ही सगळे काचेसमोर उभे होतो. आत दिवा लागला आणि ते जनावर ताटलीवर सावकाश फिरायला लागलं. दर फेरीला एकदा त्याचं तोंड आमच्याकडे येई. शिवलेलं हसू, काळे डोळे. आम्ही आत त्याचं काय करतोय याची त्याला कल्पना नसावी, असा तो चेहरा होता. नेमक्या त्याच वेळी मंदामावशी भांडी घासायला आल्या. त्यांनी काचेतून एकदा पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, मशिनीत माकड घातलंय?" त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते समजलंही. पण पुढचे पंधरा दिवस त्यांनी मायक्रोवेव्ह पुसला नाही.

तर जनावर तापून बाहेर आलं. लॅव्हेंडरचा आणि भाजक्या गव्हाचा मिळून एक वास घरभर सुटला. सुनंदाने ते सोफ्याच्या मधोमध ठेवलं आणि आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना, मध्ये वीतभर जागा सोडून, टीव्ही बघत बसलो. लग्नात न ओळखणाऱ्या पाहुण्याशेजारी बसतात तसे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इतकी ऊब फुकट चालली आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण पहिला हात कुणी लावायचा?

शेवटी मी म्हणालो, "माझा डावा गुडघा जरा धरलाय."

गुडघा धरला नव्हता. धरला असता तरी मी सांगितलं नसतं. पण हे वाक्य उच्चारताच सगळं सोपं झालं. सुनंदाने लगेच स्लॉथ उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मग बोलायचं नाही का? शेका चांगलं," असंही ती म्हणाली. जे मिठी म्हणून आमच्या घरात शिरू शकत नव्हतं ते शेक म्हणून शिरलं आणि थेट मांडीवर येऊन बसलं. लाड म्हटलं तर आमच्याकडे दहा प्रश्न येतात. दुखतंय म्हटलं की एकही येत नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याही मराठी माणसाने आजवर सुखासाठी गरम काही जवळ घेतलेलं नाही. त्याला ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. गरम पाण्याने अंघोळसुद्धा आम्ही अंग मोकळं व्हावं म्हणून करतो, बरं वाटतं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाची पाठ दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी चिन्मयची मान. तो वीस वर्षांचा आहे आणि त्याची मान दुखते हे त्यालाही तोवर माहीत नव्हतं. आठवडाभरात आमच्या घरात इतकी दुखणी झाली की शेजारच्या काकूंनी येऊन चौकशी केली. त्या गेल्या तेव्हा त्यांचाही खांदा थोडा दुखत होता.

चिन्मय मानसशास्त्र शिकतो, म्हणजे आम्हाला काय होतंय ते आम्हाला सांगतो. एका रात्री तो स्लॉथ मानेमागे घेऊन पडल्या पडल्या हार्लोचा प्रयोग सांगायला लागला. हॅरी हार्लो हा विस्कॉन्सिन विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. त्याने माकडांची तान्ही पिल्लं घेतली आणि त्यांना दोन खोट्या आया करून दिल्या. एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. ऊब दोघींनाही दिव्याची दिलेली. काही पिल्लांना दूध फक्त तारेच्या आईकडे मिळे. ती पिल्लं भूक लागली की तेवढ्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकी सगळा वेळ कापडी आईला बिलगून असत. १९५८ साली त्याने हे जाहीर केलं आणि दुधापेक्षा मऊपणाची ओढ जास्त असते, हे सगळ्यांना नव्याने कळलं.

मला आमची जुनी रबरी पिशवी आठवली. विटकरी रंगाची, बुचाशी पाझरणारी, कुशीवर वळलं की गुडगुड बोलणारी. ऊब तिचीही तेवढीच होती, किंबहुना पायाला फोड येईपर्यंत होती. पण तिला कुणी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. ती आमची तारेची आई.

"पण त्या पिल्लांची खरी आई कुठे होती?" आईने देवघरातून विचारलं.

चिन्मयचं पुस्तक त्यावर फारसं बोलत नसावं. तो कूस बदलून झोपला.

तसं पाहिलं तर मऊपणा आणि ऊब ही दोन स्थळं एकमेकांसाठीच होती. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्याचं व्यंगचित्र छापून आलं आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल करून काचेत मांडलं. टेडी बेअर जन्मला. लगेच १९०३ साली पेन्काला नावाच्या झाग्रेबच्या इंजिनिअरने गरम पाण्याच्या रबरी पिशवीचं पेटंट घेतलं. एक मऊ, एक गरम, वयात एका वर्षाचं अंतर. आमच्याकडे असं असतं तर मध्यस्थाने पंधरा दिवसांत बोलणी उरकली असती. तिकडे हे लग्न जमायला कैक दशकं गेली, कारण पाणी आणि कापड एकत्र नांदेनात. शेवटी गहू मध्ये पडले.

आता गव्हाचं. मायक्रोवेव्ह गहू तापवत नाही, गव्हातलं पाणी तापवतो. कोठीतल्या खडखडीत वाळलेल्या गव्हातही शेकडा दहा-बारा भाग पाणी असतं. ते तापलं की दाणा तापतो, आणि दाण्यादाण्यात हवा कोंडलेली असल्यामुळे ती ऊब सावकाश सुटते. दर वेळी थोडं पाणी उडून जातं. गार झाल्यावर दाणा हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेतो, पण त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. वेळ न देता पुन्हा पुन्हा तापवलं तर दाणा करपतो, आणि करपल्यावरही बटण दाबत राहिलं तर पेट घेतो. ब्रिटनमधली अग्निशमन दलं हिवाळ्यात या पिशव्यांविषयी इशारे देत असतात. गव्हाच्या पिशव्यांसाठी बीएस ८४३३ नावाचं वेगळं ब्रिटिश मानकच आहे. पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका, आत ताटली नीट फिरतेय ना ते पाहा, तापलेलं जनावर पांघरुणात गुंडाळून ठेवू नका, असं सगळं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. आमची चिठ्ठी आईने रामरक्षेच्या पुस्तकात खूण म्हणून घातली होती.

जानेवारीच्या मध्यावर एका रात्री पावणेबाराला सुनंदाने स्लॉथ तापवला, तो चिन्मयने पळवला, म्हणून तिने दहा मिनिटांनी तो परत आणून पुन्हा आत घातला. या वेळी त्याचा एक लांब हात आतल्या भिंतीला अडकला आणि ताटली फिरेना. एकाच जागी लाटा बसत राहिल्या. आम्हाला कुणालाच कळलं नाही. झोपेतून उठून आई बाहेर आली आणि म्हणाली, "या वेळेला सातू कोण भाजतंय?"

पोटावर रुपयाएवढा काळा डाग पडला होता. आतले गहू बुडाला करपले होते. अनुजाला फोन लावला. ती म्हणाली, टाकून द्या काका, मी दुसरा पाठवते.

टाकून द्या हा शब्द आमच्या घरात फक्त दुसऱ्याच्या वस्तूंबाबत वापरतात. सकाळी आईने पाटावर जुनी चादर अंथरली, कात्री घेतली आणि स्लॉथचं पोट उसवलं. इतक्या वर्षांत तिने शेक द्यायला काय काय वापरलं त्याची उजळणी तेव्हा झाली. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट. तेल लावून गरम केलेलं रुईचं पान. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. माझ्या जन्मानंतर सव्वा महिना ती अशी शेकली होती, असं ती दर उन्हाळ्यात सांगते. ते सगळं चांगलंच होतं. पण विटेला डोळे नसतात. मिठाची पुरचुंडी काम झालं की परत डब्यात जाते. तिच्याशी कुणी बोलत नाही.

करपलेले गहू काढले. कापडाच्या डागावर जुन्या लुगड्याचं ठिगळ बसलं. आत आमच्या कोठीतला निवडलेला लोकवन भरला, आणि लॅव्हेंडरच्या जागी मूठभर ओवा. "सर्दीला बरा," आई म्हणाली. जुने गहू तिने गच्चीवर टाकले. चार दिवस ते तसेच होते. कबुतरांनाही साबणाचा वास आवडला नसावा.

या स्लॉथला तापवलं की आता घरात बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतो. ताटलीशेजारी पाण्याचा कप ठेवायचा आणि यंत्रासमोरून हलायचं नाही, असा नियम झाला आहे. चिठ्ठी रामरक्षेतून काढून फ्रिजवर लावली आहे.

शनिवारी महावितरणची देखभाल असते, दिवसभर वीज नसते. अशाच एका शनिवारी आईने तो गच्चीवर तुरीच्या डाळीशेजारी उन्हात नेऊन ठेवला. चिन्मय खूप हसला. नंतर मी वाचलं तर खऱ्या स्लॉथला स्वतःची पुरेशी ऊब करताच येत नाही. बाहेरची हवा थंड झाली की त्याचं अंगही थंड पडतं, आणि मग तो झाडाच्या शेंड्याला जाऊन उन्हात पडून राहतो. इतक्या जनावरांतून दुसऱ्याला ऊब द्यायला नेमकं हेच कुणी निवडलं कोण जाणे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बघ. मी बरोबरच ठेवला होता."

एकादशीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उपासाला गहू चालत नाहीत, पण गव्हाचा शेक चालतो का? मी धर्मग्रंथांत शोधलं नाही. आईने दोन एकादश्या स्लॉथला हात लावला नाही. तिसऱ्या एकादशीच्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा ती तिच्या खुर्चीत टीव्हीवरचं कीर्तन आवाज बंद करून बघत होती. मांडीवर स्लॉथ. त्याचे दोन्ही लांब हात तिने आपल्या मानेभोवती घेतले होते. मी हात लावून पाहिला, तो केव्हाचा गार झाला होता.

"तापवून आणू?"

"राहू दे."

"काही दुखतंय का?"

"कुठे काय? काही नाही."

मी पाणी प्यायलो आणि माझा गुडघा चोळत खोलीत गेलो, कारण तेवढ्यासाठी उठलो होतो असं मला दाखवायचं होतं.

आता फ्रिजवर चिठ्ठीखाली वेळापत्रकही आहे. साडेसात आई, नऊ मी, साडेदहा सुनंदा, बारानंतर चिन्मय. मध्ये प्रत्येक वेळी जनावर पूर्ण गार व्हावं लागतं, त्यामुळे रात्रीत चारच्या वर नंबर बसत नाहीत. शेजारच्या काकूंना तसं स्पष्ट कळवलं आहे. तेव्हा निफाडचा पारा उतरल्यावर कुणी नाशकाला येणार असाल तर आमच्याकडे जरूर या. चहा मिळेल, गोधडी मिळेल, भाकरीबरोबर ठेचा मिळेल. दुखरा गुडघा तेवढा घरी ठेवून या.